चिमट्यातलं पापलेट

तिने माझ्याकडूनच घेतलेलं पापलेट पोळ्यांच्या चिमट्यात धरून परत आणलं आणि वरूनच माझ्या पाटीत सोडलं. सोसायटीच्या गेटवर, चारचौघांत. सीवूड्सच्या त्या गेटपाशी मी कितीतरी वर्षं मासळी विकते. तिसऱ्या मजल्यावरची ही मॅडम. माझी रोजची भवानी हिच्याच हातची.

"मावशी, उद्यापासून इथे बसू नका. घरात लहान मुलं आहेत."

मी पाटी उचलली. चोरी केल्यासारखी मान खाली घालून निघाले.

तिला कळलं कुठून, ते मला माहीत होतं. नवरा टेम्पो चालवतो. बाहेर बाईकडे गेला, आजारी पडला, तेव्हा त्याला एचआयव्ही निघाला. म्हणून मी सोसायटीसमोरच्या लॅबमध्ये माझी टेस्ट केली. लॅबवाला काउंटरवरूनच मोठ्याने बोलला, "तुमचं पॉझिटिव्ह आलंय." मॅडम माझ्या मागेच उभी होती.

दिवाळे गावातल्या घरी येऊन मी नवऱ्याला नाही नाही ते बोलले. मग भिंतीला टेकून बसले. मरून जावं असं वाटत होतं.

मग सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या सल्ला देणाऱ्या ताईने मला शेजारी बसवलं, दार लावलं. म्हणाली, पहिली टेस्ट नुसती चाळणी असते. वेगळ्या टेस्ट करून खात्री झाल्याशिवाय कोणाला पॉझिटिव्ह म्हणायचं नसतं. संबंध आला की दर वेळी लागण होतेच असं नाही, पण एकदाच आला तरी होऊ शकते. नुकती झालेली लागण टेस्टमध्ये लगेच दिसत नाही, म्हणून पुन्हा यायचं. आणि धोका झाल्यावर तीन दिवसांच्या आत आलं, तर लागण टाळायच्या गोळ्या मिळतात, जितक्या लवकर तितकं बरं. हे सगळं मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. त्याचाच जास्त राग आला.

माझ्या पुढच्या टेस्ट निगेटिव्ह आल्या. नंतर पुन्हा केली, तीही. मी पाटी घेऊन गेटवर गेले.

मॅडम खाली आली. "निगेटिव्ह आहे ना? मग रिपोर्टचा फोटो द्या, ग्रुपवर टाकते. सगळ्यांचं टेन्शन जाईल."

रिपोर्ट बटव्यात होता. माझा हात बटव्यापर्यंत गेलाही.

तेवढ्यात नवरा डोळ्यांपुढे आला. त्याच्या गोळ्या चालू आहेत. पहाटे माझी मासळी तोच धुऊन देतो. मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण तो आमच्या घरातला हिशोब. मी कागद दाखवला, तर चिमटा बरोबर होता असंच ठरणार. फक्त माणूस चुकलं. उद्या जिचं खरंच पॉझिटिव्ह असेल, तिच्यासाठी तो चिमटा तयारच.

मी हात काढून घेतला.

"नाय दावनार. मना रोग हाय का नाय, ते तुमी इचारू नका. मासली ताजी हाय का, ते इचारा."

ती वळून लिफ्टकडे गेली. दुपारपर्यंत माझी भवानी झाली नाही. पाटीतला बर्फ विरघळून पाणी झालं. तरी मी उठले नाही.

उद्याही तिथेच बसणार. भवानी होवो न होवो. कागद दाखवणार नाही.