पळीच्या दांड्याची पिन

चिंचेने घासलेल्या पितळेचा वास आला की भंडाऱ्यातलं बाबांचं गॅरेज आठवतं. शेजारच्या काकांच्या टॅक्सीचा टायमिंग बेल्ट बदलायचा होता, पण व्हॉल्व्ह उघडमिट करणारा कॅमशाफ्ट जागेवर अडकवून ठेवायची पिन नागपुरातही मिळेना. शेवटी मी आईच्या पितळी पळीचा दांडा कापला आणि कानशीने घासून तोच बसवला. "बेल्टचा एक दात चुकला तं इंजिन गेलं बाबू, मंग मी खाऊ काय?" काका म्हणाले. बेल्ट चढवून, पिन काढून, नीट बसलंय का बघायला मी पान्याने इंजिन फिरवू लागलो, तर ते मध्येच अडलं. सिलिंडरात दाबलेली हवा अडवते आहे की पिस्टनला टेकलेला आणि जोर लावताच वाकेल असा व्हॉल्व्ह, कळेना. "जोर नोको लावू," बाबा कुजबुजले. थांबलो. हवा हळूच सुटली, पाना पुढे सरकला, बेल्टच्या चाकांवरच्या खुणा जुळल्या. काकांनी किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली. घरातला पहिला ग्रॅज्युएट झालो, त्या दिवशीही मी इतका ताठ उभा नव्हतो.