सातवा टाका

धंद्यात तिला सगळे चाळणी म्हणत आणि तिला ते आवडायचं. कुणाच्याही रेकॉर्डिंगमधून पंख्याची घरघर, खुर्चीची करकर, निवेदकाने गिळलेला आवंढा ती इतक्या अलगद काढायची, की जणू ते तिथे कधी नव्हतंच. तिच्या कामाच्या खोलीला एक खिडकी होती, पण ती तिने गादी ठोकून बुजवली होती. भिंतींवर जुनी ब्लँकेटं, टेबलावर दोन स्पीकर, आणि कपाटाच्या दारावर लाल खडूने लिहिलेला तिचाच नियम: मूळ पुसण्याआधी प्रत ऐका. येईल त्याला ती हा नियम ऐकवायची. सख्ख्या भावाच्या बाबतीत मात्र तिने तो पाळला नाही.

भाऊ, म्हणजे दादा, तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या साबणांच्या आणि चपलांच्या जाहिरातींना चाली लावल्या. साठी उलटल्यावर त्याने स्वतःसाठी म्हणून एकच चाल बांधली, आईवरची. आईने दोघांना शिवणकामावर वाढवलं होतं. तिचं पायमशीन जुनं होतं. त्याच्या पट्ट्याला तारेचा सांधा होता आणि दर सातव्या टाक्याला तो सांधा चाकावर टक्कन अडखळायचा. आई असतानाच दादाने एका दुपारी माईक लावून तो आवाज टिपून ठेवला. पुढे आई गेली, तिच्या मागोमाग मशीनही गेलं. आवाज तेवढा दादाच्या कॉम्प्युटरवर राहिला. त्याच आवाजाचा त्याने या चालीसाठी ताल केला.

आता इथे धंद्यातलं थोडं सांगायला हवं. संगीत जुळवायचं सॉफ्टवेअर घेतलं की त्याच्यासोबत काही वाद्यं आयतीच मिळतात, त्यांना प्लगिन म्हणतात. गुणी असतात बिचारी, पण माहेर सोडून कुठे नांदत नाहीत. दादाच्या सॉफ्टवेअरचं प्लगिन चाळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचं नाव घेत नाही. म्हणून शहाणा माणूस घर बदलण्याआधी प्रत्येक आवाज साध्या फाईलमध्ये उतरवून घेतो. हे चाळणीला झोपेतही सांगता आलं असतं.

दादाला डाव्या कानाने कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा त्याने तिला बोलावून घेतलं.

"शेवटचा हात तू फिरव," तो म्हणाला. "आणि हा कॉम्प्युटरही घेऊन जा. माझ्याआधी तोच म्हातारा झालाय."

तिने घरी येऊन त्या चालीचं फोल्डर आपल्या डिस्कवर उतरवलं. आईच्या मशीनचा आवाज त्यातच असणार, हे तिने गृहीत धरलं. मग त्याच दिवशी कॉम्प्युटर पुसून स्वच्छ केला आणि गल्लीतल्या वाचनालयाला देऊन टाकला. स्वच्छतेची तिला भारी हौस. तिसऱ्या दिवशी फोल्डर उघडलं, तर बासरी आली, व्हायोलिन आलं, आणि मशीनच्या ओळीत आवाज कुठे वाजवायचा याच्या नुसत्या खुणा. दादाच्या प्लगिनने आवाज आपल्याच वेगळ्या कप्प्यात ठेवला होता, आणि तो कप्पा तिने स्वतःच्या हाताने पुसला होता. ती चपला न घालता वाचनालयात धावली. तिथे त्या कॉम्प्युटरवर पुस्तकांची यादी चढवून झाली होती, म्हणजे पुसलेलं परत काढायची वाटही बंद. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. हिने तर बैलच घालवला.

त्याच वेळी दादाला फोन करायला हवा होता. तिने केला नाही. तिच्या सॉफ्टवेअरच्या आयत्या आवाजांत एक शिवणयंत्र होतं. ते तिने दादाच्या खुणांवर बसवलं. चपखल बसलं, फक्त गुळगुळीत होतं. सातवा टाका तिने हाताने अडखळवून पाहिला, पण तो सोंग आणल्यासारखा वाजायचा, म्हणून काढून टाकला. कमी ऐकू येतंय त्याला, त्याला काय कळणार, असं तिच्या मनात आलं. हे मनात आल्याची तिला पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटली.

चाल ऐकून दादाने फोन केला.

"छान झालंय," तो म्हणाला. "मशीन... ते आपलंच ना?"

"तुझंच आहे ते," ती म्हणाली.

या तीन शब्दांनी पुढचे दोन महिने तिला खाल्लं. शिंप्याचं दुकान आलं की ती रस्ता ओलांडायची. दादाचा फोन आला की तिला नेमकं काम निघायचं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. शेवटी वहिनीचाच निरोप आला, की एकदा येऊन जा, हे हल्ली बोलत नाहीत.

ती गेली तेव्हा दादा खाटेवर बसला होता. समोर त्याचा वाजवायचा कीबोर्ड जुन्या चादरीत बांधून, वर सुतळीच्या गाठी मारून ठेवला होता.

"हे काय?"

"उद्या संगीत शाळेची गाडी येतेय. देऊन टाकतोय."

"का?"

"काम संपलं माझं." तो हसला, पण ते हसू त्याला झेपलं नाही. "डावा कान गेला त्याचं एवढं नाही गं. पण तू ती चाल पाठवलीस, आणि मला आईचं मशीन ओळखूच येईना. सातवा टाका ऐकूच येत नाही मला. उजवा कान लावून ऐकलं, डोळे मिटून ऐकलं, रोज ऐकतोय. डॉक्टर म्हणतात उजवा ठीक आहे. मग काय, डोक्यातूनच गेलं म्हणायचं. आईचा आवाज विसरणाऱ्या माणसाने चाली कसल्या बांधायच्या?"

चाळणीला गप्प राहायची अजूनही सोय होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या गाडी आली असती आणि हे कायमचं मिटलं असतं. वहिनी पाणी घेऊन आली. चाळणीने पेला घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

"दादा, तो टाका त्यात नाहीच," ती म्हणाली. "ते आईचं मशीन नाही. माझ्याकडून आवाज पुसला गेला. दुसराच लावला मी, आणि तुला खोटं सांगितलं."

दादाने उजवा कान तिच्याकडे वळवला. "परत सांग."

तिने परत सांगितलं. या वेळी कॉम्प्युटर, वाचनालय, आयतं शिवणयंत्र, काहीच गाळलं नाही. तो संतापेल म्हणून ती मान खाली घालून बसली होती. मग तिने वर पाहिलं. दादाचा चेहरा सैलावला होता, डोळे भरून आले होते. ते बघणं तिला संतापापेक्षा जड गेलं.

"म्हणजे मला ऐकू येत होतं," तो वहिनीला म्हणाला. "ऐकलंस? नव्हताच तो टाका. मला बरोबर ऐकू येत होतं."

मग तो चाळणीकडे वळला. "मूळ आवाज कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

"दोन महिने," तो म्हणाला. "दोन महिने मी स्वतःला शिव्या घालत होतो."

ती चुकले म्हणाली, ते तिचं तिलाच तोकडं वाटलं.

"ते दुसरं यंत्र काढून टाक त्यातून. जागा तशीच रिकामी राहू दे."

"बरं."

तो खाली वाकून सुतळीच्या गाठी सोडायला लागला. गाठी घट्ट होत्या, त्याच्या बोटांना त्या सुटेनात. चाळणी पटकन पुढे झाली आणि तिने सुतळीचं एक टोक धरलं.

"राहू दे," दादा म्हणाला. "याला तू हात लावू नकोस."

तिने टोक सोडलं. तो एकेक गाठ सोडवत राहिला आणि ती हात मांडीवर ठेवून समोर बसून राहिली.