मागचं काम नीट बंद झालं नव्हतं

कॉम्प्युटरवर काही इशारा आला की साळवे काका आधी चष्मा पुसायचे, मग खुर्चीतून उठून उभे राहायचे आणि तो मोठ्याने वाचून दाखवायचे. तोवर मला ‘ओके’ दाबायची परवानगी नव्हती. “समोरचा काही सांगतोय आणि आपण ओके ओके करून त्याचं तोंड बंद करायचं, ही कुठली रीत, पोरी?” इशारा इंग्रजीत असायचा आणि रोज तोच असायचा: मागचं काम नीट बंद झालेलं नाही, काही नोंदी गेल्या असण्याची शक्यता आहे.

हे आमच्या वधू-वर मंडळाचं ऑफिस, म्हणजे अंबरनाथ पश्चिमेला विहाराशेजारची एक खोली. काका कारखान्यातून रिटायर होऊन मंडळाचं काम बघायचे. मी बी. कॉम. होऊन नोकरी मिळेपर्यंत मुलामुलींची माहिती कॉम्प्युटरवर चढवत होते. फुकट मिळतं आणि व्हायरस लागत नाही म्हणून सेक्रेटरींच्या मुलाने त्यावर लिनक्स टाकलं, स्थळांच्या नोंदी ठेवणारा एक प्रोग्रॅम बसवला आणि स्वतः बंगलोरला निघून गेला. इशारा आमच्याकडे राहिला. एखादी नोंद गेलीच असेल तर ती कुणाची, हे कळायला मार्ग नव्हता.

मग करुणाची नोंद गेली.

करुणा काकांची पुतणी. पालेगावची जमीन बिल्डरला द्यायच्या वेळी काका आणि त्यांचा धाकटा भाऊ बाळू यांचं बोलणं तुटलं, ते पुढे सणावारीसुद्धा जुळलं नाही. आणि एका संध्याकाळी बाळूची बायको, सुमनताई, मुलीचा फोटो घेऊन दारात उभी राहिली. “दादा, ह्यांनीच पाठवलंय. म्हणाले, पोरीचं दादाच बघेल.” करुणाची माहिती काकांनी मला पुन्हा पुन्हा तपासायला लावली आणि सुमनताईंना जाताना रिक्षापर्यंत सोडलं.

त्या रविवारी बाळू स्वतः स्थळं बघायला आला. मी नाव टाकून शोधलं, तर करुणा नव्हतीच. बाळू पडद्याकडे बघत राहिला. “काढून टाकली ना? बरंय,” एवढंच म्हणाला. काका “अरे बाळू” म्हणेपर्यंत तो चपला घालून गेलासुद्धा.

काकांनी तपास हाती घेतला. पहिला संशय लोडशेडिंगवर. पण दिवसभर वीज असली तरी दुसऱ्या सकाळी इशारा हजर. मग उल्हासनगर कॅम्प एकमधला दुकानदार, ज्याच्याकडून कॉम्प्युटर घेतला होता. “साईं, पावर का लोचा है। यूपीएस ले जाओ।” काका बाहेर येऊन म्हणाले, “ह्याला पोट दुखतंय सांगितलं तरी यूपीएसच देईल.” मग माझी पाळी आली. मी रोज रीतसर ‘शट डाउन’ करून निघायचे. मला भयंकर राग आला आणि मी तो दाखवला. “रागावू नकोस,” काका शांतपणे म्हणाले. “संशय अध्यक्षांवर पण आहे.”

एका संध्याकाळी मी डबा विसरले म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आले. कॉम्प्युटरचा पडदा काळा होता, पण टेबलाखालच्या सीपीयूच्या डब्याचा हिरवा दिवा अजून लुकलुकत होता. दाराजवळ काकांचा हात मेन स्विचवर होता. रात्री शॉर्ट सर्किट नको म्हणून निघताना मेन स्विच पाडायचा, ही त्यांची कारखान्यातली सवय. खट्ट आवाज झाला.

“काका, तो अजून बंद होत होता.”

“पडदा तर काळा झाला.”

“पडदा आधी जातो. शेवटच्या नोंदी आत अजून उतरत असतात.”

काका अंधारातच खुर्चीत बसले. “म्हणजे रोज सकाळी उभं राहून मी माझीच तक्रार वाचत होतो,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते मला साक्षीदार म्हणून पालेगावला घेऊन गेले. दारातच बाळूला म्हणाले, “मुद्दाम नाय काढली. पण काढली मीच.” मग त्यांनी पडदा, दिवा, मेन स्विच, सगळं समजावलं. निम्मं चुकीचं होतं, पण मी मध्ये पडले नाही. बाळूने पूर्ण ऐकून घेतलं.

“कॉम्प्युटरचं मला काय कळत नाय, दादा. जेवून जा.”

जेवताना काकांच्या डोळ्यांना धार लागली. आमटी तिखट होती, असं त्यांनी रिक्षात मला सांगितलं. आमटी मुळीच तिखट नव्हती.

त्यानंतर रोज संध्याकाळी काका चपला घालून त्या डब्यापाशी उभे राहायचे. दिवा विझला की “झालं ह्याचं” म्हणायचे आणि मगच स्विच पाडायचे. मला घाई असायची, मी चुळबुळ करायचे. “काळा पडदा बघून उठायचं नाही, पोरी. आत कुणाचं काय चालू असतं.” इशारा परत कधी आला नाही. करुणाचं लग्न मंडळातूनच जमलं. मंडपात दोघं भाऊ एकमेकांना खुर्ची देत बराच वेळ उभेच होते.

पुढच्या वर्षी काका झोपेतच गेले. सकाळी बाळू मला घ्यायला आला. लोकांना कळवायचं तर सगळे फोन नंबर कॉम्प्युटरमध्ये होते. मी तो चालू केला आणि काकांसारखी उभी राहिले. खरं तर काही येणार नव्हतं. बाळूही शेजारी उभा राहिला.

“काय म्हणतोय?” त्याने विचारलं.

“काही नाही. काल काकांनी नीट बंद केलाय.”

बाळू काकांच्या खुर्चीत बसला आणि मोठ्याने रडला. त्याचं होईपर्यंत मी कुणाला फोन लावला नाही.