आबांचा आवाज साठवताना

आबांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा मला कोणाशी तरी कडाकडा भांडायचं होतं. कॅन्सरशी भांडता येत नव्हतं, डॉक्टरशी भांडून झालं होतं. मग मी एका म्हाताऱ्या हार्डडिस्कशी भांडत बसले.

आबा म्हणजे माझे वडील. काष्टीजवळच्या एका पंपहाउसवर तीस वर्षं मोटर चालवून निवृत्त झालेले. घशाच्या दुखण्यासाठी ते माझ्याकडे केडगावला येऊन राहिले होते. डॉक्टर म्हणाले, येत्या बुधवारी पुण्यात ऑपरेशन, त्यानंतर बोलता येणार नाही. माझ्या हातात आठ दिवस होते. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. तिचा एकही फोटो नाही आणि आबांनी तिच्याबद्दल कधी चकार शब्द काढलेला नव्हता. त्यांनी आईबद्दल बोलावं आणि ते त्यांच्याच आवाजात माझ्याजवळ राहावं, एवढं एकच मला हवं होतं. ते हुकलं असतं तर दोघंही गेले असते.

घरात टेपरेकॉर्डर होता. नवऱ्याने तो पुसूनही ठेवला. पण मी लोकांचं टायपिंग करून देणारी, घरात दोन कॉम्प्युटर जोडून बसलेली बाई, मला टेप कशी चालेल? टेप घासते, अडकते, कॉम्प्युटरमधला आवाज जन्मभर तसाच राहतो, असं मी त्याला ऐकवलं. वर त्याला अडाणीही म्हणाले.

बाहेरच्या खोलीत माझा कामाचा कॉम्प्युटर होता. पडद्यापलीकडे आतल्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर, झाकण काढलेला. सगळं साठवायचं ते त्यातल्या डिस्कवर. मध्ये काळी केबल. माइक बाहेर, आबा बाहेर, पण ती डिस्क आतून अशी करकरायची की जणू कोणी पाट्यावर वाटण वाटतंय. पहिल्या तीन दिवसांच्या रेकॉर्डिंगमध्ये आबांपेक्षा तिचाच आवाज मोठा होता. तसेही आबा तेव्हा जबानी दिल्यासारखे बोलत होते. ‘मी काष्टी गावचा कायमचा रहिवासी असून’ इथून सुरुवात. आईचं नाव काढलं की पाणी मागायचे. ते तीनही दिवस मी पुसून टाकले. डिस्कवर जागा थोडी होती आणि मला करकर नको होती.

दुरुस्तीवाला म्हणाला, ही डिस्क फार दिवसांची सोबती नाही, जेवढी कमी फिरेल तेवढी टिकेल. म्हणून मी नगरहून जादा मेमरी आणून बसवली आणि अशी व्यवस्था केली की आवाज आधी सगळा मेमरीत थांबेल. मी हुकूम दिला की एकदाच डिस्कवर उतरेल. तोवर डिस्कने गप्प झोपायचं. वीज गेली तर मेमरीतलं सगळं साफ होतं, हे मला पक्कं माहीत होतं. वीज कधी जाते त्या वेळा मी पाठ केल्या. वायरमनच्या घरी जाऊन त्याचं डोकं खाल्लं. मंगळवारी दुपारी वीज जाणार नाही, असं त्याच्याकडून वदवूनच घरी आले.

मंगळवारी चार वाजता पुण्याला न्यायला जीप यायची होती. नवरा सकाळीच पुढे गेला होता. अडीचला आबा माइकसमोर बसले. आवाज आधीच घोगरा झाला होता.

“आज त्ये यंत्र वरडंना,” ते म्हणाले.

“झोपवलंय त्याला. तुम्ही बोला.”

“काय बोलू?”

“आईचं.”

बराच वेळ ते बोटं मोडत बसले. मग म्हणाले, “तुजी आय लई हट्टी हुती.” आणि सुरू झाले. न थांबता, न अडखळता, तीस वर्षांचं साचलेलं. माझा डोळा पडद्याच्या फटीतून आतल्या लाल दिव्यावर होता. दिवा लागला की डिस्क फिरणार, करकर येणार. दिवा लागत नव्हता. माझी युक्ती चालली होती! शब्द कानावरून जात होते. मी मनात म्हटलं, आता हे काम सांभाळू, नंतर सावकाश ऐकू.

चाराच्या आधीच जीपचा हॉर्न वाजला. आबा थांबले. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा हॉर्न देत होता, म्हणून डिस्कवर उतरवायचा हुकूम परत येऊन देऊ असं ठरवून मी आधी पिशव्या उचलल्या. आबांना बजावलं, “कॉम्प्युटरला हात लावू नका. मी येऊन बंद करते.”

त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. मी पिशव्या मागच्या सीटवर ठेवून वळले तेव्हा ते कुलूप हातात घेऊन दारात उभे होते.

“मेन बंद केलाय. चल.”

गावाला निघताना मेन स्विच खाली ओढल्याशिवाय ते कधी घराबाहेर पडले नव्हते. पंपहाउसवर तीस वर्षं तेच केलं होतं. मला हे लहानपणापासून माहीत होतं. वीजवाल्यांचा बंदोबस्त केला आणि घरातलाच माणूस विसरले.

मी आत धावले. कॉम्प्युटरचा स्क्रीन काळा. मग मी जी ओरडले, ती गल्लीभर ऐकू गेली. “तुम्हाला कोणी सांगितलं होतं? जन्मात एक गोष्ट मागितली, तीही घालवलीत!” आबा कुलूप हातात धरून उभेच राहिले. काय गेलं, ते त्यांना कळत नव्हतं. मी सांगितलंही नाही. जीपमध्ये पुण्यापर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. तेही बोलले नाहीत. आवाज शाबूत असलेली शेवटची संध्याकाळ अशी गेली. सकाळी स्ट्रेचरवर त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, “चुकलं माजं, बाय.” त्या आवाजात ते पुन्हा काही बोलले नाहीत. चूक माझी होती. तेवढं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

पुढे काही वर्षं आबा पाटीवर लिहून बोलत. एकदा धीर करून मी म्हटलं, “आबा, त्या दिवशी आईबद्दल सांगितलंत, ते लिहून द्या ना. मला नीट आठवत नाही.” मला खरंच आठवत नव्हतं. हिरव्या लुगड्याचं काहीतरी होतं, आणि एकदा ते हसले होते.

आबांनी खडू घेऊन लिहिलं, “तू समोरच हुतीस की.”