घुंगरमाळेचा ट्रॅक्टर

...तर धुळाजीची मेंढरं त्या ट्रॅक्टरमागं लागली, इथवर काल आलो होतो. आता कशामुळं लागली ते ऐका.

धुळाजी म्हणजे शिरूर कासारच्या माळावरचा मेंढपाळ. सगळा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला. कळपापुढं चालायचा त्याचा म्होरक्या बोकड, गळ्यात घुंगरमाळ. त्या आवाजामागं मेंढरं डोळे झाकून जायची. तो बोकड आठ दिवसांखाली तापानं मेला. आणि इकडं शेजारच्या रानातल्या अंगदनं बिनड्रायव्हरचा ट्रॅक्टर आणला. मोबाइलमधी रान आखून दिलं की हा पठ्ठ्या आपला आपण नांगरणार! अंगदनं हौसेनं लिंबागणेशच्या गणपतीला नेऊन त्याची पूजा केली आणि बैलाची घुंगरमाळ बोनटला बांधली. दारात नवं जनावर आलं की बांधतातच की!

भर दुपार. रानात चिटपाखरू नाही. अंगद ट्रॅक्टर नांगरायला लावून जेवायला वस्तीवर गेलेला. घुंगरं वाजली, मेंढरांनी माना वर केल्या अन् निघालीच. धुळाजीनं हाका घातल्या, शीळ घातली, एक मागं फिरेल तर शपथ. जणू मेलेला बोकडच बोलवीत होता. पुढं बिनकठड्याची विहीर. ट्रॅक्टर काठावरून वळणार, त्याच्या नकाशात विहीर होती. पण मागं दाटीनं पळणारी मेंढरं कशी वळणार?

धुळाजी आडवा पळाला. ट्रॅक्टरपुढं उभा राहून काठी उंचावली अन् ओरडला, "थांब बे!" ओरडला तोही रिकाम्या सीटकडं बघून!

ट्रॅक्टर थांबला. हातभर अंतरावर. स्टेअरिंग जरा डावीकडं फिरलं, जरा उजवीकडं, कुणी वाकून बघावं तसं. धुळाजीच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यानं बोनटची घुंगरमाळ सोडली अन् वाजवीत बाजूला निघाला. मेंढरं त्याच्यामागं वळली. पुढची वाट कधीच मोकळी झाली होती, तरी शेवटचं लंगडं कोकरू लांब जाईस्तोवर ट्रॅक्टर उभाच. मग आपला आपण हलला, विहिरीच्या काठानं अलगद वळला अन् नांगरीत गेला.

आरडाओरड ऐकून अंगद पळत आला, हसत. "आबा, भ्यालात काय? लई गुणी हाय ते. माणूस दिसला की थांबतंच!"

धुळाजी बांधावर बसला होता. घाम पुसायचंही भान नव्हतं. म्हणाला, "थांबलं म्हणूनच भ्यालो, लेका. ड्रायव्हर असता तर त्यानं शिवी घातली असती, मी बी घातली असती, अन् मिटलं असतं. हे नुसतं बघत राह्यलं. आता तू सांग, कोण बघत होतं?"