राजमतीची गाळलेली पेज आन आमची सीईओ

आमच्या रुचिकाचं कार्ड पाह्यलं तर कोनालेही वाटन, ही बाई दिल्लीत बसते. सोनेरी अक्षरात लिवलं हाये, मुख्य कार्यकारी अधिकारी. आन खाली पत्ता, शिखरचंद यांचे सोयाबीन गोदाम, वाशीम रोड, रिसोड. कार्ड छापनाऱ्यानं इचारलं म्हने, "ताई, गोदाम लिवू का खरंच?" तर ही म्हनते, "मंग कुरिअरवाला कुठी जाईन, दिल्लीले?"

शिखरचंद म्हनजे माहा थोरला भाऊ, रुचिकाचा बाप. मी तिची आत्या. आन दचकू नका, कंपनीची दुसरी डायरेक्टर बी मीच आहो. कायद्यानं दोन डायरेक्टर लागतात. भाऊ म्हने, मी आडतीचा मानूस, मले यात ओढू नका. राजमती वहिनी, म्हनजे पोट्टीची माय, ती म्हने, मी महाराजांले इचारल्याबिगर सही करत नाई. आमच्या जैन महाराजांचा विहार चालू होता, ते पायी पायी पार मालेगावच्या पुढं गेलते. राह्यली मी. मी सही केली आन त्याच दिवशी आमच्या भिशीच्या ग्रुपवर फोटो टाकला.

कंपनी काय करते ते आधी समजून घ्या, नाई तर गावात लोकं समजतात आमी बंदुका करतो. फौजेतला जवान जखमी झाला, की त्याच्या घशात रक्त, माती, उलटी, सगळं अडकून बसते. मंग जखमेनं मरायच्या आधी मानूस श्वास कोंडून मरते. ते सगळं ओढून काढायले एक मशीन लागते. दवाखान्यात असते ते, चांगलं टेबलाएवढं. डोंगरावर कोन नेईन त्याले? रुचिकानं ते डब्याएवढं केलं. खांद्याले अडकवा आन चाला. बॅटरीवर चालते, बॅटरी संपली तर पायानं दाबा. त्याचं इंग्रजी नाव लय लांब हाये. मी त्याले ओढ्या म्हनते. पहिले पोट्टी चिडे. आता तिचा इंजिनिअर अनुप बी फोनवर ओढ्याच म्हनते.

हे खूळ तिच्या डोक्यात आलं पुन्यात. तठी ती दवाखान्याच्या मशिनी करनाऱ्या कंपनीत नोकरीवर होती. एसी केबिन, दारात गाडी, सगळं. एक दिवस फौजेकडून त्यांचं मशीन वापस आलं. बिघडलं नव्हतं. जड होतं म्हनून जवान ते खाली गाडीतच ठेवून वर जात. साहेबांनी नवीन माहितीपत्रक छापलं, त्यात मशीन हलकं हाये असं लिवलं. रुचिकानं राजीनामा लिवला.

बॅग घेऊन दारात उभी राह्यली तर वहिनी म्हने, "लगन ठरलं का?"

लगनाचं बी सांगते. एक पोरगा पाहाले आलता, अकोल्याचा, टाइल्सचा धंदा. पोहे खाऊन झाले. त्यानं बिचाऱ्यानं बोलायचं म्हनून इचारलं, "तुमचं मशीन कसं चालते?" तर ही उठली, ओढ्या घेऊन आली आन म्हनते, "तोंड उघडा." त्या लोकांले एकदम लोनारले जायचं आठवलं. मी म्हनलं, "अवं, निदान पोहे तरी त्याच्या पोटात राहू देतीस!"

आता कंपनी ती कशी चालवे ते आयका. सकाळी दारात नवकार मंत्र म्हनायचा, मंग मीटिंग. मीटिंग उभ्यानं. बसलं की मानूस लांबन लावते म्हने. मी डायरेक्टर, माहे गुडघे दुखतात, तरी मले बी उभं ठेवे. रिठदवरून हेमला नावाची बाई जीपनं कामाले येते. तिचं काम म्हनजे ओढ्याले माळ्यावरून खाली फेकायचं. फौजेत सामान आपटते ना, म्हनून इथंच आपटून पाहायचं. हेमला एरवी नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाई. पन ओढ्या फेकताना डोये मिटून वरडे, "घ्या, जगदेवराव!" आन धप्प. रुचिका म्हने, हेमला सुट्टीवर असली की मशीन तेवढ्या जोरात आपटतच नाई.

एवढं सगळं पाहे पोट्टी. कोनता स्क्रू कोनी पिळला, कोनती नळी कोनत्या गावावरून आली, सगळं. मंग फौजेची चिठ्ठी आली, मशीन घेऊन या, आमचे डॉक्टर तपासतील. घरात पेढे वाटले. आन त्याच दिवशी भाऊनं अट घातली. सोयाबीनचा हंगाम तोंडावर होता, गोदाम त्याले पाहिजेच होतं.

"बेटा," भाऊ म्हने, "मशीन पास झालं तर गोदाम तुहं, मी माहा माल दुसरीकडं टाकीन. नापास झालं तर दसऱ्याच्या आत रिकामं. बोल."

"बोलली," रुचिका म्हने.

बाजारात भाऊचा शब्द म्हनजे काय ते रिसोडात कोनालेही इचारा. भाव पडो का चढो, बोलला ते बोलला. तवा गोदाम गेलं म्हनजे कंपनी गेली, आन कंपनी गेली म्हनजे पोट्टी पुन्याच्या त्याच साहेबासमोर अर्ज घेऊन उभी, हे आमाले सगळ्याले कळलं. मी हातातला पेढा परत डब्यात ठेवला.

फौजेच्या तळावर आमी गाडीनं गेलो, रुचिका, अनुप आन मी. मी कायले? तर रुचिका दिवस बुडल्यावर जेवत नाई, कांदा-बटाटा खात नाई, तिच्या डब्याची जिम्मेदारी माही. गेटवरच्या जवानानं इचारलं, आप कौन? मी म्हनलं, डायरेक्टर. त्यानं सलाम ठोकला. हातात दशम्यांची पिशवी होती ती मी मागं लपवली.

तपासनाऱ्या कर्नल मॅडम कोल्हापूरकडच्या, डॉक्टर, चेहरा असा की दूध नासावं. त्यांनी ओढ्याले उलटंपालटं केलं, जिन्यावरून सोडलं, पान्यात बुडवलं. ओढ्या चालूच. रुचिकानं माह्याकडं पाह्यलं. मी मनातल्या मनात नवकार म्हनून राह्यली होती, तो सोडून हसली.

मंग त्यांनी एक बादली आनली. आत चिखल, भाताची घट्ट पेज, शिजलेल्या रव्याच्या गुठळ्या, काय काय. जखमी मानसाच्या घशात असते तसं.

"ओढा," मॅडम म्हनाल्या.

ओढ्यानं एक घोट घेतला. दुसरा घेतला. मंग घर्रर्र केलं, खाकरलं, आन बंद. अनुपनं नळी काढून झटकली, पुन्हा लावली. पुन्हा घर्रर्र, पुन्हा बंद. आमच्या गोदामात हेच मशीन रोज बादलीच्या बादली पेज ओढे, मी डोयानं पाह्यलं हाये.

रुचिकानं बाही वर केली आन सरळ त्या बादलीत हात घातला. चिखल मुठीत घेतला, बोटांनी चाचपला. आन माह्याकडं पाहून हळूच म्हनते, "आत्या, आई पेज गाळते का वं?"

मी म्हनलं, "तुही माय काय गाळत नाई ते सांग!"

आता पाहा, हे असं होतं. गोदामात गॅस पेटवायले भाऊनं मनाई केलती, पोत्याइले आग लागन म्हनून. म्हनून तपासनीची पेज घरी शिजे. अनुपनं लिवून दिलतं, घट्ट पेज, त्यात वाळू, त्यात गुठळ्या. वहिनी सकाळी उठून शिजवे आन ऑटोत बादली पाठवे. पन आमच्या घरी पानी गाळल्याबिगर कोनी तोंडाले लावत नाई. दुहेरी कापड, त्याच्यात जीव-जंतू राह्यले तर ते पुन्हा पान्यात सोडायचे, हा आमचा धर्म. वहिनीचा हात असा बसलेला की समोर पातेलं आलं की कापड आलंच. वाळू टाके, आन मंग गाळे. गुठळ्या करे, आन मंग गाळे. फौजेच्या जवानाच्या घशातली घान आमच्या घरून निघे ते लगनातल्या कढीसारखी, मऊ मऊ. आन सीईओनं जगातला एकेक स्क्रू तपासला, मायच्या हातची बादली कवा उघडून पाह्यली नाई. मायच्या हातचं कोन तपासते?

अनुप रुचिकाच्या कानात कुजबुजला, "मॅडम, सांगा ना, प्रवासात पंप हालला. दुसरी तारीख मागू. तवर गुपचूप सुधरवून टाकू."

मले तर पटलं. खोटं कायले बोलू, मी मान बी हलवली.

रुचिकानं हात पुसला. कर्नल मॅडमपुढं जाऊन उभी राह्यली. "मॅडम, प्रवासात काही झालं नाही. हे एक मशीन नाही, आमची सगळीच मशिनं इथे बंद पडतील. आम्ही गाळलेल्या पेजेवर तपासत होतो. मी बादलीत पाहिलं नाही. चूक माझी."

"गाळलेल्या?" मॅडमचं दूध नासवनारं तोंड जरासं हाललं. "कोण गाळत होतं?"

"आमची आई."

मॅडमनं तोंड फिरवलं. खांदे हालून राह्यले होते. मंग वळल्या आन कागदावर मोठ्या अक्षरात लिवलं, नापास. हसून घेतलं म्हनून कोनी पास करत नाई, फौज हाये ते. पन जाताना म्हनाल्या, "बादली घेऊन जा. आणि दुसऱ्या तपासणीसाठी तुम्ही स्वतः फोन करा. त्या कानात कुजबुजणाऱ्या मुलाला करायला लावू नका."

ती घानेरडी बादली आमी गाडीत घेऊन आलो. रिसोडापर्यंत कोनी बोललं नाई. बोलायले तोंड उघडलं की वास येई.

घरी भाऊ ओट्यावर बसला होता. रुचिकानं चप्पल काढली आन सांगितलं, "पप्पा, नापास. दसऱ्याच्या आत रिकामं करते." रडन असं वाटलं मले, पन नाई. मंग आत गेली. आमी मागं मागं.

वहिनी तांदूळ निवडून राह्यली होती. रुचिका तिच्यापुढं बसली. "आई, उद्यापासून मशीनची पेज तू करायची नाई."

"काहून?"

पोट्टीनं सगळं सांगितलं. वहिनीचा हात ताटातच राह्यला. "माय वं! म्हनजे मी बुडवली का कंपनी?"

"नाई. मी बुडवली. पाहाचं काम माहं होतं. पन तू गाळनं सोडशीन का?"

"मरेपर्यंत नाई."

"सोडू बी नको. म्हनून ते काम हेमला करन."

"रिठदची हेमला? तिले वरन धड येत नाई!"

"म्हनूनच."

मले हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबला तर वहिनी फनकारली, "हसा नंदबाई, हसा! सोताच्या मायले कामावरून काढून राह्यली हे, आन तुमी दात काढा!" आन उठून देवघरात जाऊन बसली, दार लावून.

भाऊ दारात उभा होता. सगळं आयकलं त्यानं. मले म्हने, "लगन झाल्यापासून मी हिले सांगून राह्यलो, माह्या चहात साखर कमी टाक. अजून वाट पाहून राह्यलो. आन हे पोट्टी एका बैठकीत काढून मोकळी झाली."

"मंग?" मी म्हनलं.

"मंग काय? गोदाम सोयाबीनचं. बोललो ते बोललो."

रुचिका म्हने, "मी कुठी मागून राह्यली, पप्पा?"

"माहं संपू दे ना पहिले! अट मी गोदामावर घातली. दुकानाच्या माडीवर घातलती का?"

भाऊचं आडतीचं दुकान बाजारात हाये, त्याच्यावर माडी, तिच्यात जुन्या ताडपत्र्या आन कबुतरं. रुचिकानं बापाकडं पाह्यलं, तो तिचा धंद्यातला चेहरा. "फुकट नको. आन तुमी अटीतून वाट काढू नका माह्यासाठी. मी नापास झाली."

"मशीन नापास झालं. त्याले मी गोदामातून काढून राह्यलो. तू त्या कर्नलनीपुढं काय बोलली ते अनुपनं मले तळावरूनच फोन करून सांगितलं. असा मानूस मले आडतीवर ठेवायले भेटत नाई, आन मी तुले पुन्याले कायले जाऊ देऊ? भाड्याचं तू आन मी बसून बोलू. घ्यायची तर घे, नाई तर कबुतरं तठी खुश हायेत."

पोट्टीनं बोटावर काहीतरी मोजलं. मंग म्हनते, "माडीवर गॅस पेटवता येईन?"

"येईन."

"घेतली."

दसऱ्याच्या आधीच गोदामात सोयाबीन पडलं आन कंपनी माडीवर चढली. चढली म्हनजे हमालांनी मशिनी वाहल्या, हेमलानं शेगडी वाहली, आन कबुतरांची घान काढायचं काम कोनाले भेटलं? "डायरेक्टर," रुचिका म्हने, माह्याकडं न पाहता. मी फडा घेतला. वहिनी अजून सीईओशी बोलत नाई, डबा मात्र वेळेवर पाठवते, वरनात एक गुठळी नाई.

मी झाडून राह्यली होती तवा रुचिका खिडकीपाशी फोन लावून उभी होती. खाली बाजारात हराशीचा, म्हनजे लिलावाचा गलका, म्हनून एका कानात बोट घातलं होतं.

"मॅडम, मी रुचिका, रिसोडवरून. नाही, तारीख नंतर सांगा. आधी मला एक सांगा, पुढच्या वेळी तो चिखल तुम्ही काळ्या मातीचा करणार का लाल? ... नाही मॅडम, आमच्याकडे काळी आहे, ती फार चिकट असते. ... हो. मग मी दोन्ही आणते."