छावणीतलं वॉटर कूल्ड मशीन

उष्णता कधीही नष्ट होत नाही, ती फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाते. आमचा सगळा धंदा या सत्यावर उभा आहे. घरातला फ्रिज असो, आइस्क्रीमचं मशीन असो की दुधाचा कूलर, आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच काम. मे महिन्यात केज तालुक्यात बाहेरची जागा आधीच भरलेली असते, हे मात्र आयटीआयच्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

नांदूरघाटच्या अलीकडे एका चारा छावणीच्या फाटकाशी पत्र्याचं शेड होतं. त्यात मी दूध थंड ठेवणाऱ्या एका चकचकीत मिल्क डिस्पेन्सरच्या मागे उकिडवा बसलो होतो. शेडमध्ये त्रेचाळीस डिग्री होतं. मशीन तीन मिनिटं चालायचं, कण्हायचं आणि खटकन बंद पडायचं. समोर तालुका दूध संघाचे एक संचालक, आप्पा, खुर्चीत बसून मला सांगत होते, "कॅटलॉगमधली सगळ्यात भारी मशीन घेतलीय. एसीच्या हवेवरची न्हाई, पाण्यावरची. व्हीआयपी मॉडेल."

मी मागचं झाकण काढलं. आप्पा खरं बोलत होते. मशीन वॉटर कूल्ड होतं. म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकायला त्याला पंखा नव्हता. त्याच्या तांब्याच्या नळीभोवती सतत पाणी खेळतं ठेवावं लागतं. ते पाणी उष्णता घेऊन निघून जातं. असली मशीन मोठ्या शहरात, मॉलमधल्या आइस्क्रीमच्या दुकानांत बसवतात. तिथे गच्चीवर तेच पाणी निववून परत खाली पाठवणारा कूलिंग टॉवर असतो. इथे पाण्याचे पाइप जोडायच्या दोन्ही तोंडांवर कंपनीची लाल बुचं जशीच्या तशी होती. पाणी मिळालं नाही की नळीतल्या गॅसचा दाब वाढतो आणि दाब फार वाढला की मशीन स्वतःच स्वतःला बंद करतं. त्याला आम्ही हाय प्रेशर कटआउट म्हणतो. मशीन तरी शहाणं होतं.

"आप्पा, याला तासाला दीडशे-पावणेदोनशे लिटर पाणी लागतं."

आप्पांनी फाटकाकडे पाहिलं. तिथे टँकरची वाट बघत बायका घागरी ओळीने लावून बसल्या होत्या.

"तासाला?"

"तासाला."

"कॅटलॉगमधी तर लिहिलंय, जास्त तापमानाच्या प्रदेशासाठी योग्य."

तेही खरंच होतं. कॅटलॉगमध्ये फक्त तापमान लिहिलं होतं. मशीन आलं होतं दुष्काळ निवारणाच्या अनुदानातून.

छावणी म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. चारा आणि पाणी संपलं की गावोगावची जनावरं एका माळावर आणतात, सरकार चारापाण्याचे पैसे देतं आणि एखादी संस्था छावणी चालवते. ही छावणी आप्पांच्या संस्थेची होती. पाच-सहाशे जनावरं आणि त्यांच्यामागे आलेली माणसं ताडपत्र्यांखाली राहत होती. त्यातल्या चाळीसेक बायकांची महिला दूध सोसायटी होती. संघाची गाडी फक्त सकाळी यायची. संध्याकाळचं दूध सकाळपर्यंत त्या उन्हाळ्यात टिकत नव्हतं. म्हणजे म्हैस दोन वेळा दूध द्यायची आणि बायकांच्या पदरात एकच वेळ पडायची. मशीनची दोनशे लिटरची टाकी चार डिग्रीला चालली असती, तर समोरच्या तोट्यांतून केज रस्त्यावरच्या प्रवाशांना थंड दुधाचा ग्लास विकता आला असता आणि उरलेलं सकाळी गाडीत गेलं असतं.

आप्पा उठता उठता म्हणाले, "आठ दिवस बघतो. न्हाई चालली तर मशीन धारूरला. तिकडचे संचालक रोज फोन करायलेत."

मी मशीन बनवणाऱ्या आमच्या कंपनीच्या पुण्याच्या जोगळेकर साहेबांना फोन लावला.

"पंख्यावरचं, एअर कूल्ड बदलून मिळेल का, सर?"

"मिळेल ना. आठ आठवडे."

"इथे आठ दिवस आहेत."

"मग रिपोर्टमध्ये 'साइट नॉट रेडी' लिही आणि सही घेऊन नीघ. आपली जबाबदारी संपली."

'साइट नॉट रेडी' हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात उपयोगी वाक्य आहे. मी ते असंख्य वेळा लिहिलंय. त्या दिवशीही फॉर्म काढला होता. तेवढ्यात सोसायटीच्या सचिव सुलोचनाबाई शेडमध्ये आल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, हातात दूध मोजायचं माप.

"जयभीम, भाऊ. ही मशीन लई पाणी पिती म्हनं?"

"जयभीम, ताई. पीत नाही. एका बाजूने घेते, गरम करते आणि दुसऱ्या बाजूने परत देते. घेतलं तेवढंच."

"मंग नवऱ्यापरीस बरी हाय. त्यो घेतल्यालं काईच परत देत न्हाई."

मी हसलो आणि हसता हसता माझंच वाक्य मला ऐकू आलं. घेतलं तेवढंच परत. छावणीत रोज तीन टँकर येत होते. ते माळाच्या चढावरच्या मोठ्या काळ्या टाक्यांत रिकामे व्हायचे आणि तिथून पाइपने उताराने जनावरांच्या हौदांत पाणी उतरायचं. पाणी तसंही म्हशींकडे चाललंच होतं. वाटेत त्याने आमच्या मशीनमधून जायला काय हरकत होती?

मी फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी एका टाकीचा पाइप तोडून मशीनला जोडला आणि मशीनमधून निघणारा पाइप फाटकाजवळच्या हौदात सोडला. टँकरच्या पाण्यात गाळ होता. त्याने तांब्याची नळी चार दिवसांत चोंदली असती. सुलोचनाबाईंनी दूध गाळायचं नायलॉनचं कापड चार पदरी करून टाकीच्या तोंडाला बांधलं. काळी टाकी उन्हात इतकी तापायची की आत हात घालवत नव्हता. बायकांनी तिला चुना फासला आणि वरून ओली गोणपाटं टाकली. मशीन सुरू झालं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कण्हणं थांबलं.

आणि आप्पा आले.

"ए मिस्त्री, जनावराच्या तोंडचं पानी मशीनला पाजतो का बे? उद्या पेपरात फोटो येईल माझा!"

"पाणी कमी होत नाही, आप्पा. थोडं गरम होतं फक्त."

"गरम पानी म्हैस पीत असती का? कशाला ह्यो खेळ लावलाय?"

भोवती गर्दी जमली. एक म्हातारे म्हणाले, मशीनमधून आलेल्या पाण्याला गॅस लागतो, जनावर फुगतं. दुसऱ्याने त्याला दुजोरा दिला, कारण त्याने ते आत्ताच ऐकलं होतं. गॅस आणि पाणी वेगवेगळ्या नळ्यांतून जातं, एकाचा दुसऱ्याला स्पर्श होत नाही, हे मी तीनदा सांगितलं. नळी दाखवली. ओंजळीने मी स्वतः ते पाणी प्यायलो. एक जण म्हणाला, "तुम्ही काय, पगारी माणूस."

"थांबा," सुलोचनाबाई म्हणाल्या. "माझी रंगी म्हैस पील. पिली न्हाई तर पाइप काढा."

रंगीला आणलं. शंभरेक माणसं गोल करून उभी राहिली. कोणी मोबाइल धरले. आप्पांची खुर्ची पुढे आली. रंगीने हौद हुंगला. मान वर केली. सगळ्यांकडे पाहिलं. मग जिथे उभी होती तिथेच तिने सविस्तर लघवी केली आणि हौदाकडे पाठ फिरवली.

"झालं?" आप्पा म्हणाले.

"न्हाई झालं. इतक्या मानसांत तुमी तरी प्याल का?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "चहाला जावा समदे."

आप्पा चहाला गेले. आप्पा गेल्यावर त्यांच्या मागचे गेले, आणि मागचे गेल्यावर मोबाइलवाल्यांना काढायला काही उरलं नाही. रंगी वळली, हौदात तोंड घातलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. नंतर आणखी दोन म्हशी आल्या. आप्पा परत आले तेव्हा त्यांना हौदाची खाली गेलेली पातळी बघायला मिळाली. त्यांनी ती बघितली आणि खुर्ची परत सावलीत नेऊन ठेवायला सांगितली. हो म्हणायची त्यांची पद्धत तशीच होती.

त्या संध्याकाळी बायकांनी एकशे चाळीस लिटर दूध टाकीत ओतलं. धारोष्ण दूध पस्तीस-छत्तीस डिग्रीचं असतं. ते खाली यायला दोन-अडीच तास लागतात. आकडा तिशीच्या खाली आलेला बघून मी खूश होऊन केजला गेलो. सकाळी आलो तर गाडी निघून गेली होती आणि शेडबाहेर बायका बसल्या होत्या. दूध नासलं होतं. कटआउट पडलेला होता.

"सातच्या सुमारास बंद पडली," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तुमचा फोन लागंना."

एकशे चाळीस लिटर. त्यातले अकरा लिटर त्यांचे स्वतःचे होते. मी मशीन पुन्हा सुरू केलं, ते व्यवस्थित चाललं. दोन तास मी प्रेशर गेज लावून बसलो. काटा जागचा हलला नाही. दोष सापडत नसला की आमच्यातली माणसं व्होल्टेजला दोष देतात. मीही तोंड उघडलंच होतं.

"भाऊ, सातला हौद भरल्याला असतो," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"जनावरं चारला पानी पित्यात. नंतर दुसऱ्या टाकीचं पानी बी ह्यातच सोडत्यात, सातपर्यंत हौद काठोकाठ. मंग त्यो चेंडू वर येतो अन् पानी थांबतं."

चेंडू म्हणजे हौदातला फ्लोट व्हॉल्व्ह. हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारा. मीच आदल्या दिवशी तो त्या पाइपला परत बसवला होता, पाणी वाया जाऊ नये म्हणून. हौद भरला की पाणी थांबणार आणि पाणी थांबलं की मशीन. नेमकं तेव्हाच कोमट दूध आत पडणार. मी गेजकडे बघत होतो. हौद माझ्या पाठीमागे होता.

व्हॉल्व्ह काढला तर पाणी हौदाबाहेर सांडणार. दुष्काळी छावणीत सांडलेलं पाणी म्हणजे दंगल. मी दुसरी टाकी, पंप, मोटर असा हिशेब मनात मांडू लागलो. सुलोचनाबाई म्हणाल्या, "ह्यो हौद चारनंतर त्या दुसऱ्या पाइपनं भरूच नका की. मोकळा ठिवा. धारा झाल्यावर मशीनमधून सावकाश भरू द्या. पहाटंपर्यंत भरतो. थंड बी हुतो. जनावरं सकाळी पित्याल."

मी हिशेब केला. मशीनला तासाला लागणारं पाणी, हौदाची खोली, धारांपासून पहाटेपर्यंतचे तास. जवळजवळ तंतोतंत बसत होतं. मला त्यासाठी कागद लागला होता. त्या रोज त्या हौदातून पाणी पाजत होत्या.

अडचण एवढीच होती की छावणीत पाणी पाजायच्या आणि हौद भरायच्या वेळा आप्पांनी ठरवल्या होत्या आणि फाटकावरच्या फ्लेक्सवर त्यांच्या फोटोखाली छापल्या होत्या. वेळ बदलणं म्हणजे फ्लेक्स खोटा पाडणं. सुलोचनाबाई त्यांच्याकडे गेल्या, मी मागे. त्यांनी आप्पांना सांगितलं, की या एका हौदापुरती तुमच्या मनात जी वेगळी वेळ आहे, ती लई बरोबर हाय.

"माझ्या मनात?" आप्पा म्हणाले.

"तुमीच म्हनला न्हाई का, मशीन चालली पायजे म्हनून."

आप्पांनी थोडा विचार केला. "हां," ते म्हणाले. "म्हनलो होतो."

पुढचे पाच दिवस मी रोज पहाटे येऊन दुधाच्या तापमानाचा आकडा वहीत लिहीत होतो. साडेचार. चार. चार. एका पहाटे सहा, कारण मधे लाइट गेली होती. पण टाकीच्या जाड इन्सुलेशनने दूध सांभाळलं. हौदातलं पाणी पहाटेच्या वाऱ्याने निवलेलं असायचं. मशीनमधून निघणारं कोमट पाणी बायका आधी दुधाच्या कॅनमध्ये फिरवून घ्यायला लागल्या. गार पाण्याने कॅनच्या कडेची चिकटाई निघत नाही, याने निघायची. हे मी कुठल्याही ट्रेनिंगमध्ये ऐकलं नव्हतं.

आठव्या दिवशी संघाची गाडी आली. गाडीबरोबरच्या केमिस्टने रात्रभर ठेवलेल्या दुधाचा नमुना काचेच्या नळीत घेतला आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरला. दूध जराही उतरलेलं असलं तर उकळताना फुटतं, गुठळ्या दिसतात. बायका नळीकडे बघत होत्या, मी बायकांकडे. दूध उकळलं, वर आलं, खाली बसलं. केमिस्टने नळी उजेडात फिरवली.

"चालतंय. किती हाय?"

"एकशे बावन्न," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि माप उचललं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कॅन भरायचे होते. धारूरचा विषय पुन्हा निघाला नाही. छावणी पाऊस पडेपर्यंत चालली आणि तोवर संध्याकाळचं दूध एकदाही परत आलं नाही. सोसायटी अजून चालू आहे.

मी शिकलो ते एवढंच: नवीन साइटवर गेलो की आता आधी लाइटचा बोर्ड बघत नाही. पाणी कधी येतं आणि कुठे जातं, ते विचारतो. ज्याला ते माहीत असतं, ते माणूस सहसा खुर्चीत बसलेलं नसतं.

छावणी उठायच्या आधी पुण्याहून कंपनीचे तीन इंजिनियर आले, दिवसभर मोजमापं घेतली आणि अकरा पानांचा इंग्रजी अहवाल केला. त्यात उष्णता टाकायची जागा म्हणून फाटकाजवळचा हौद 'सेकंडरी हीट सिंक' आहे, सुलोचनाबाई 'लोकल ऑपरेटर' आहेत आणि म्हशी 'एंड यूझर'.